सेवानिवृत्तीनंतरचा नेम

(बऱ्हाणपूर येथील शनवारा भागातील मराठी भाषिक सेवानिवृत्त, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासाठी केलेल्या भाषणाचा मजकूर)



बऱ्हाणपूरच्या जुन्या तटबंदीतील वेशींना आणि वस्त्यांना वारांची नावे आहेत. इतवारा, बुधवारा आणि हा आपला शनवारा. पुण्याच्या पेठा जशा वारांवरून ओळखल्या जातात, तशीच ही रीत. ज्या गावाने आपल्या वस्त्याच आठवड्याच्या वारांवर बांधल्या, त्या गावाला नेमाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. परंतु याच गावात, आणि गावोगावी, नोकरीतून नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येते. ते असे, की आता सगळे वार सारखेच झाले. या वाक्यात जे दुःख आहे, त्याचा विचार आज करावयाचा आहे.

निरोपसमारंभाचे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याला शाल व श्रीफळ दिले जाते. चार सहकारी गौरवाचे शब्द बोलतात. उर्वरित आयुष्य सुखासमाधानाचे जावो, अशी शुभेच्छा देऊन फराळ होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गृहस्थ सवयीने नेहमीच्याच वेळी उठतो, स्नान करतो, कपडे करतो आणि मग त्याच्या लक्षात येते की आज कोठेही जावयाचे नाही. पहिला महिना सुट्टीसारखा जातो. दुसऱ्या महिन्यात राहून गेलेली लग्ने, यात्रा आणि पाहुणचार उरकतात. तिसऱ्या महिन्यापासून घड्याळ जड होऊ लागते.

निवृत्तीची कल्पना तशी जुनी नाही

शेतकऱ्याला, कारागिराला किंवा घरातील आजीला ठरावीक तारखेस निवृत्त होण्याची रीत आपल्याकडे कधीच नव्हती. हातपाय चालत तोवर काम, आणि काम हलके होत होत शेवटी नातवंडांची राखण, असा तो क्रम होता. ठरावीक वयाला काम थांबवून त्यापुढे निर्वाहवेतन देण्याची कल्पना आधुनिक राज्यव्यवस्थेची आहे. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकीर्दीत १८८९ साली वृद्धापकाळाच्या विम्याचा कायदा झाला, तेव्हा त्यासाठी वय ठरले होते ७०. त्या काळी त्या वयापर्यंत पोहोचणारे कामगार थोडेच असत. आपल्याकडे केंद्र शासनाचे निवृत्तीचे वय १९६२ साली ५५ वरून ५८ वर गेले आणि १९९८ साली ६० वर. मध्य प्रदेश शासनाने २०१८ साली ते ६२ केले.

निवृत्तीचे वय असे पावलापावलाने वाढले. आयुष्य मात्र त्याहून पुष्कळ अधिक वाढले. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतातील सरासरी आयुर्मान तीस-बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरच्या घरात आहे. साठी गाठलेल्या माणसाला त्यापुढे सरासरीने सतरा-अठरा वर्षे मिळतात. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक भरली. याचा अर्थ असा, की निवृत्तीनंतरचा काळ हा आता आयुष्याच्या अखेरचा छोटासा परिशिष्टभाग राहिलेला नाही. मूल पहिलीत जाते तेव्हापासून पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत जेवढा काळ जातो, तेवढा हा काळ आहे. त्या पहिल्या काळासाठी शाळा आहेत, अभ्यासक्रम आहेत, शिक्षक आहेत. या दुसऱ्या काळासाठी काय आहे, हा प्रश्न प्रत्येकाने निवृत्तीपूर्वीच स्वतःला विचारावा.

निवृत्त होताना माणसाच्या हातून तीन गोष्टी जातात. पगार जातो, त्याची काही भरपाई निवृत्तिवेतनाने होते. अधिकार जातो, त्याची भरपाई होत नाही आणि होण्याची आवश्यकताही नाही. तिसरी गोष्ट म्हणजे नेम. अमुक वेळी, अमुक ठिकाणी, कोणीतरी आपल्या येण्याची वाट पाहत आहे, या जाणिवेला येथे नेम म्हटले आहे. शिक्षकाची वर्ग वाट पाहत असतो, तलाठ्याची खातेदार, परिचारिकेची रुग्ण, आणि गिरणीतील कामगाराची पाळी संपवून घरी जाऊ पाहणारा दुसरा कामगार. ही वाट पाहणारी माणसे नाहीशी झाली म्हणजे माणूस आतून खचतो. छंद, वाचन, देवदर्शन, फिरणे हे सर्व उत्तमच होय. परंतु त्यात खंड पडला तर कोणाचे अडत नाही. जे आपण न गेल्यास कोणाचे तरी अडते, असे एक तरी काम निवृत्तीनंतर हाती असावे, एवढेच या भाषणाचे सांगणे आहे.

नोकरीतील आवड निवृत्तीत फळाला आली

याचे एक उत्तम उदाहरण मराठी वाचकांना सुपरिचित आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचा जन्म १८६५ सालचा. १८८९ मध्ये ते बडोदे संस्थानात महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत लागले. महाराजांना ग्रंथ वाचून दाखविणे आणि राजपुत्रांना शिकविणे हे त्यांचे काम होते. शिकविण्यासाठी इतिहासाच्या नोंदी करता करता त्यांचे ग्रंथ तयार झाले. ‘मुसलमानी रियासत’ १८९८ मध्ये आणि ‘मराठी रियासती’चा पहिला भाग १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे जो विषय पुढे त्यांचे जीवितकार्य झाला, तो नोकरीच्याच उंबरठ्यावर त्यांना सापडला होता.

१९२५ साली साठाव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि मावळात इंद्रायणीकाठी कामशेत येथे राहावयास गेले. घरात अपत्यवियोगाचे दुःख होते. अशा स्थितीत एखादा माणूस दार लावून बसला असता तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती. परंतु पुण्यातील पेशवे दफ्तरात कागदांचे हजारो रुमाल निवड करणाऱ्याची वाट पाहत होते. ते काम सरदेसायांकडे आले आणि १९३० ते १९३४ या अवधीत निवडक कागदपत्रांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. पुढे मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहून तो १९४६ ते १९४८ या काळात त्यांनी प्रसिद्ध केला. त्या वेळी त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती. १९५७ मध्ये त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला आणि १९५९ मध्ये कामशेत येथे त्यांचे निधन झाले.

सरदेसायांना छत्तीस वर्षांची नोकरी आणि चौतीस वर्षांची निवृत्ती लाभली. आज अभ्यासक त्यांचे जे काम मुख्यत्वे वापरतात, त्यातील फार मोठा भाग या चौतीस वर्षांतला आहे. निवृत्तीनंतर काय करावे हे त्यांना निवृत्तीच्या दिवशी शोधावे लागले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पन्नाशीत असलेल्या कर्मचाऱ्यांनी आणि शिक्षकांनी यावरून एक बोध घ्यावा. नोकरीच्या धबडग्यात ज्या एका विषयाकडे मन पुनःपुन्हा वळते, त्याची एक वही आजच घालावी.

निवृत्तीत नवे कार्य आरंभिले

दुसरे उदाहरण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे. अण्णासाहेब १८५८ मध्ये जन्मले. १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकविले आणि १९१४ मध्ये, वयाच्या ५६ व्या वर्षी, ते तेथून निवृत्त झाले. हिंगण्याचा आश्रम त्यापूर्वीच उभा होता; तेवढ्यावर समाधान मानले असते तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु जपानमधील महिला विद्यापीठाची एक माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली, आणि तसे विद्यापीठ आपल्याकडेही हवे, असा विचार त्यांनी १९१५ च्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून मांडला. दुसऱ्याच वर्षी, १९१६ मध्ये, हे विद्यापीठ अगदी मूठभर विद्यार्थिनींवर सुरू झाले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी दिली आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव त्या संस्थेला लाभले.

१९२९ मध्ये, ७१ व्या वर्षी, अण्णासाहेब संस्थेच्या कामासाठी युरोप, अमेरिका व जपानच्या प्रवासास निघाले. १९३६ मध्ये, ७८ व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केले. ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे शाळा काढावी, हा त्याचा हेतू, आणि त्यासाठी घरोघर फिरून लहान लहान वर्गण्या गोळा करण्याचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले. १९४४ मध्ये, ८६ व्या वर्षी, त्यांनी समता संघ काढला. १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले, आणि १९६२ मध्ये १०४ वर्षांचे होऊन ते गेले.

वर्गणी मागावयास दारोदार जाणे हे काम मानाचे नाही, असे पुष्कळांना वाटते. निवृत्त अधिकाऱ्याला तर ते विशेषच अवघड जाते; काल ज्याच्या सहीसाठी लोक तिष्ठत, त्याने आज दुसऱ्याच्या ओसरीवर तिष्ठावे कसे? अण्णासाहेबांनी हा प्रश्न मनात येऊ दिला नाही. निवृत्तीनंतरच्या कामाची ही पहिली अट आहे. जुन्या पदाची झूल उतरवून ठेवल्याशिवाय नवे काम हाती येत नाही.

एकट्याच्या हक्कातून सर्वांचा हक्क

तिसरे उदाहरण निवृत्तिवेतनधारकांनी तर कधीही विसरू नये असे आहे. संरक्षण मंत्रालयात वित्तीय सल्लागार असलेले डी. एस. नकारा १९७२ मध्ये निवृत्त झाले. १९७९ मध्ये केंद्र शासनाने निवृत्तिवेतनाचे सुधारलेले सूत्र लागू केले. परंतु ३१ मार्च १९७९ पूर्वी निवृत्त झालेल्यांना त्याचा लाभ नव्हता. नकारा यांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. त्यांच्यासोबत अर्जदार होती ती ‘कॉमन कॉज’ ही संस्था, जी एच. डी. शौरी या निवृत्त सनदी अधिकाऱ्याने १९८० मध्ये स्थापन केली होती. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निर्णय दिला. तारखेची ती आडभिंत न्यायालयाने काढून टाकली. निवृत्तिवेतन ही शासनाची कृपा नव्हे, केलेल्या सेवेपोटी मिळणारा तो हक्क आहे, हे तत्त्व त्या निर्णयाने दृढ झाले. १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो, तो यामुळेच.

येथे विशेष हे, की या कामाला लागणारी सामग्री निवृत्त माणसाजवळच होती. नियम माहीत होते, कागद कसा चालतो ते माहीत होते, आणि वेळ होता. पदावर असताना जे करता आले नसते, ते पदावरून उतरल्यावर करता आले.

शनवाऱ्यात काय करता येईल

यावर कोणी म्हणेल, ही थोरांची उदाहरणे झाली. सामान्य माणसाने ४५ खंड काढावेत की विद्यापीठ स्थापावे? आक्षेप रास्त आहे. म्हणून आता याच वस्तीकडे वळणे योग्य ठरेल.

बऱ्हाणपुरात सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्यांपेक्षा ते न मिळणाऱ्यांची संख्या कितीतरी अधिक आहे. हे यंत्रमागांचे गाव आहे. भोवताली केळीच्या बागा आहेत. मागावर चाळीस वर्षे काढलेल्या विणकराला किंवा बागेतील मजुराला निरोपसमारंभ नसतो. हात थरथरू लागले, दृष्टी अधू झाली की त्याची निवृत्ती झाली. राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीस केंद्राचा वाटा साठीनंतर महिना २०० रुपये आणि ऐंशीनंतर ५०० रुपये ठरलेला आहे. राज्ये त्यात आपापली भर घालतात. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेखालील कामगारांचे किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरले. रकमा लहान आहेत. परंतु ज्याच्या घरात दुसरे काही येत नाही, त्याला त्या मोठ्या आहेत. आणि त्या हाती पडाव्यात म्हणून कागद लागतात: वयाचा पुरावा, बँकेचे खाते, आधार, अर्जावरील नावाची जुळणी. एका अक्षराच्या फरकाने अर्ज परत येतो आणि म्हातारा विणकर तो उशाखाली ठेवून देतो.

ज्याने तीस वर्षे कचेरीत असे अर्ज तपासले, त्या निवृत्त लिपिकाने आठवड्यातून एक दिवस, ठरावीक वेळी, ठरावीक ओट्यावर बसावे. शनवाऱ्यात शनिवारी बसावे, म्हणजे लोकांच्या लक्षातही राहील. अर्ज भरून द्यावेत, कोठे काय अडले आहे ते सांगावे. नोव्हेंबर महिना आला की निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. केंद्र शासनाच्या ऐंशी वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. २०१४ पासून ‘जीवन प्रमाण’ या पद्धतीने तो घरबसल्याही देता येऊ लागला आणि पुढे भ्रमणध्वनीवर चेहरा दाखवूनही. ज्यांना हे जमत नाही, जे अंथरुणावरून उठू शकत नाहीत, त्यांच्या घरी जाऊन हे करून देणारा एक माणूस प्रत्येक गल्लीला असला, तर किती जणांचे निवृत्तिवेतन खंडित होण्याचे टळेल!

निवृत्त शिक्षकांसाठी या गावात एक स्वतंत्र काम आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी निमाड जिल्ह्याची राजधानी नागपूर होती. मराठी ही त्या राज्यात कारभाराची भाषा होती. आज बऱ्हाणपूर हिंदी भाषिक राज्यात आहे, आणि येथील मराठी घरांतील मुले हिंदी वा इंग्रजी माध्यमात शिकतात. त्यात गैर काही नाही. हिंदी ही शेजारीण नव्हे, घरचीच आहे. परंतु आजीचे पत्र नातवाला वाचता येऊ नये, ही गोष्ट मनाला लागते. संध्याकाळी एक तास, दहा मुले, एक सतरंजी आणि एक फळा. इतक्या सामग्रीवर मराठी वाचनाचा वर्ग चालू शकतो. ज्या मुलाला घरी अभ्यास घेणारे कोणी नाही, मग ते कोणत्याही भाषेचे वा धर्माचे असो, त्याचे गणितही त्याच सतरंजीवर होऊ शकते.

ज्यांना इतिहासाची गोडी आहे त्यांना तर हे गाव म्हणजे उघडे दफ्तर आहे. १६८१ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजा येथवर आल्या. १७६० मध्ये उदगीरच्या लढाईनंतरच्या तहात हे शहर निजामाकडून पेशव्यांकडे आले, पुढे शिंद्यांकडे आणि १८६० च्या सुमारास इंग्रजांकडे गेले. जुन्या घरांच्या माळ्यावर मोडी लिपीतील खरेदीखते, वहिवाटीचे कागद व पत्रे अजूनही सापडू शकतात. वाचणारा कोणी नाही म्हणून ती रद्दीत किंवा वाळवीच्या तोंडी जातात. मोडी लिपी चिकाटीने शिकता येते, आणि चिकाटीला लागणारा वेळ निवृत्त माणसाजवळ असतो.

तसेच येथील कुंडी भंडाऱ्याचे. खानखानान अब्दुल रहीम यांच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपे भूमिगत नळांनी शहरात आणण्याची ही योजना झाली. शंभराहून अधिक कुंड्यांची ही रांग कोणत्याही पंपाशिवाय, केवळ उताराच्या बळावर पाणी वाहून आणी. २०२४ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत तिचा समावेश झाला. परदेशातील लोक ती पाहावयास येतील. येथल्या शाळेतील मुलांना ती कोण दाखविणार? पाणीपुरवठा, भूजल किंवा बांधकाम खात्यात सेवा केलेल्या माणसाने वर्षातून चार शाळांना ती समजावून सांगितली, तर पाणी जपण्याचा धडा निराळा द्यावा लागणार नाही.

घरातील गृहिणीची निवृत्ती

या विषयाची एक बाजू बहुधा बोलली जात नाही. पुरुष निवृत्त होतो, त्या दिवशी त्याच्या पत्नीचे काम वाढते. ज्या घरात दहा ते सहा हा काळ तिचा स्वतःचा होता, तेथे आता दिवसभर चहा, दिवसभर सूचना आणि दिवसभर विचारपूस. कचेरीत चालविण्यास माणसे उरली नाहीत म्हणून काही गृहस्थ स्वयंपाकघर चालवू लागतात. डाळीचे डबे निराळ्या क्रमाने लावतात, सुनेच्या येण्याजाण्याची नोंद ठेवतात. यातून घरात जो ताण उत्पन्न होतो, त्याचे खापर वयावर फोडले जाते. वास्तविक कारण हे असते, की बाहेर कोणी वाट पाहत नाही.

तेव्हा निवृत्त गृहस्थाने दोन गोष्टी कराव्यात. दिवसातील काही तास नियमाने घराबाहेरच्या कामाला द्यावेत. आणि घरातील एक काम कायमचे आपल्याकडे घ्यावे. भाजी आणणे असो, पाणी भरणे असो, सकाळचा चहा असो, ते काम सांगितल्यावाचून व्हावे. गृहिणीला निवृत्तीचे वय शासनाने ठरवून दिलेले नाही. ते तिच्या घरच्यांनी ठरवावयाचे आहे. तिला भजनाला, वाचनालयात किंवा महिला मंडळात जावयाचे असेल, तर त्या वेळी घर सांभाळणे हेही निवृत्ताचे सार्थ काम होय.

काही सावधगिरी

उत्साहाच्या भरात दोन-तीन व्यावहारिक गोष्टींकडे दुर्लक्ष होऊ नये. निवृत्तीच्या वेळी एकदम हाती येणारी रक्कम ही पुढील अठरा वर्षांची शिदोरी आहे. ती सहा महिन्यांत दुप्पट करून देतो असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. वारसनोंद व पत्नीचे नाव कागदोपत्री आहे ना, हे स्वतः पाहावे. राहते घर मुलांच्या नावे हयातीतच करून देण्याची घाई करू नये. द्यावयाचेच झाल्यास आपल्या पालनपोषणाची अट लेखात स्पष्ट लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात अशी अट न पाळल्यास हस्तांतरण रद्द ठरविण्याची तरतूद आहे. मुलांवरील अविश्वासाने हे करावयाचे नाही. कागद स्वच्छ असला म्हणजे मायाही स्वच्छ राहते.

प्रकृतीची हेळसांड करू नये. रक्तदाब व साखर यांची तपासणी नियमाने करावी. मोतीबिंदू झाला असेल तर शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये, कारण दृष्टी गेली की वाचन, फिरणे आणि माणसांत मिसळणे ही तिन्ही थांबतात. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत सत्तर व त्यावरील वयाच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण देण्यात आले. त्याचे कार्ड वेळीच काढून ठेवावे. अडचणीच्या प्रसंगी १४५६७ हा ज्येष्ठ नागरिकांसाठीचा दूरध्वनी क्रमांकही उपलब्ध आहे.

समाजाचे व शासनाचे कर्तव्य

हे सर्व एकट्या निवृत्तावर सोपवून चालणार नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात टोकियोपासून ज्येष्ठांसाठी कामाची केंद्रे सुरू झाली. १९८६ मध्ये त्यांना कायद्याचे पाठबळ मिळाले. साठीनंतरच्या लोकांनी तेथे नाव नोंदवावे आणि गावातील घरांकडून, कचेऱ्यांकडून येणारी हलकी, थोड्या वेळाची कामे करावीत. बागेची छाटणी, सायकलतळाची देखरेख, पाकिटांवर पत्ते लिहिणे, अशी ती कामे. थोडा मोबदला मिळतो. त्याहून अधिक म्हणजे उद्या कोठे जावयाचे ते ठरते.

आपल्याकडे गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ व विरंगुळा केंद्रे निघाली आहेत, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु विरंगुळ्याबरोबर तेथे एक कामाची वहीही असावी. मुख्याध्यापकांनी त्या वहीत लिहावे, की आमच्या शाळेत गणिताला हात देणारा कोणी हवा आहे. ग्रामपंचायतीने लिहावे, की जुन्या नोंदी नीट लावून हव्या आहेत. आरोग्य केंद्राने लिहावे, की रांगेतील अडाणी रुग्णांना कागद भरून देणारे कोणी हवे. आणि निवृत्तांनी त्यापुढे आपली नावे व वार लिहावेत. अधिकाऱ्यांनीही एक पथ्य पाळावे. मदतीस आलेल्या माजी कर्मचाऱ्याला टेबलासमोर उभे न ठेवता बसावयास सांगावे. गावकऱ्यांनीही ‘आता तुम्ही आराम करा’ हे वाक्य जरा जपून वापरावे. ते प्रेमाने म्हटले जाते. परंतु ऐकणाऱ्याला त्यात असेही ऐकू येते, की तुमची आता गरज नाही.

निवृत्ताकडून चुका होतील, कामात ढिलाई येईल, आजारपणामुळे खंड पडेल. त्याने मोठे काम उचलू नये; लहान उचलावे आणि ते सोडू नये. शनिवारी ओट्यावर बसण्याचे ठरविले असेल, तर पहिल्या शनिवारी कोणी येणार नाही. दुसऱ्या शनिवारी एक जण येईल, तोही केवळ वेळ विचारावयास. चौथ्या शनिवारी एखादी म्हातारी परत आलेला अर्ज पदराआडून काढील. त्यानंतर एखाद्या शनिवारी त्या निवृत्त गृहस्थाला ताप येईल आणि तो घरीच राहील. तेव्हा दारावर कोणी येऊन विचारील, आज बसला नाहीत, बरे आहे ना?

त्या दिवसापासून त्या माणसाचे वार पुन्हा वेगवेगळे होतील.